फाइंडरला मराठीत काय म्हणतात?

संजना पगारेला याद्या करायची भारी हौस. वाणसामानाची यादी फ्रिजवर, औषधांची कपाटाच्या दाराला, आणि कॉलेजात कुठलाही कार्यक्रम निघाला की प्राचार्य सगळ्यांआधी म्हणणार, "यादी पगारे मॅडमकडं द्या, म्हणजे घोळ व्हायचा नाही." वीस वर्षं ती तिथं प्राणिशास्त्र शिकवत होती आणि घोळ खरोखरच झाला नव्हता. त्यामुळे टांझानियाहून पाहुणे येणार असं ठरलं तेव्हा सत्काराची यादीही आपसूक तिच्याच टेबलावर आली.

शाल-श्रीफळ तिघांना. एक डॉ. नेमा, म्हणजे आदिमानवाच्या नव्या सापडलेल्या जबड्यावर व्याख्यान द्यायला येणाऱ्या संशोधक बाई, दुसरे प्राचार्य, तिसरे संस्थेचे सचिव, कारण त्यांना शाल मिळाली नाही तर आपल्याला पुढच्या वर्षी हॉल मिळत नाही. गुलाबपुष्प पाच जणांना: माइकवाला, मांडववाला, फलक लिहिणारा, गाडीचा ड्रायव्हर आणि पाचवा हमिसी. हा हमिसी डॉ. नेमाबरोबर येणार होता. तिनं ईमेलमध्ये इंग्रजीत एवढंच कळवलं होतं की 'माझ्याबरोबर आमचे फाइंडर, म्झे हमिसी, असतील.' नावाआधी डॉक्टर नाही, नावानंतर पदवी नाही. 'म्झे' म्हणजे काय हे संजनानं विचारलं नाही. 'गुलाब ५' असं लिहून तिनं कागद शिपायाच्या, भिकनच्या, हातात दिला आणि ती पुढच्या कामाला लागली.

पुढचं काम मोठं होतं. माणूस आफ्रिकेत जन्मला हे ती दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवायचीच. पोरं ते परीक्षेपुरतं मानायची. पण नेमाचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. माणूस आमच्या मातीत जन्मला, आणि त्याची गोष्ट मात्र शंभर वर्षं बाहेरून आलेले लोक सांगत आहेत, असं ती म्हणायची. हाडं पेट्यांत भरून परदेशी गेली, प्रबंधांवर नावं परदेशी लागली, आणि ज्यांच्या डोळ्यांना ती हाडं दिसली त्यांचा उल्लेखही कुठं नाही. नेमाच्या संस्थेनं ही रीतच उलटी केली होती. खोदायचं कुठं ते तिथले लोक ठरवणार, हाडं देशाबाहेर जाणार नाहीत, आणि निबंधावर पहिलं नाव ज्याला हाड सापडलं त्याचं. असंच काम गोदाकाठच्या दगडी हत्यारांवर नाशिकात करायचा करार होणार होता, आणि इथल्या बाजूची प्रमुख म्हणून त्यात नाव होतं प्रा. संजना पगारे.

वीस वर्षं दुसऱ्यांचे शोध फळ्यावर लिहून तिचे हात खडूनं पांढरे झाले होते. स्वतःचं म्हणावं असं एक ओळीचं काम नव्हतं. आता कुठं दार उघडत होतं, आणि तेही सेहेचाळिसाव्या वर्षी. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांनी तिच्या इंदिरानगरच्या घरी चहाला यायचं, तिथं सह्या करायच्या आणि मग मुंबईला विमान गाठायचं, असं ठरलं होतं. चहाबरोबर काय द्यायचं त्याचीही यादी तयार होती.

हा विषय तिला इतका जवळचा का, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिनंच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिचे वडील झुंबर पगारे मूळचे विंचूरच्या अलीकडच्या एका खेड्यातले. अठरा वर्षांचे असताना नदीकाठच्या दरडीत खोदकाम करायला बाहेरून काही मंडळी आली होती. झुंबर त्यांच्याकडं रोजानं लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याला दरडीत एक दगड दिसला. बाकीचे गोटे पाण्यानं गुळगुळीत झालेले, आणि हा मात्र दोन्ही बाजूंनी ठोकून धार काढलेला, आंब्याच्या कोयीसारखा. पाटीत न टाकता त्यानं तो सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि साहेबांकडं नेला. ती लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाची दगडी कुऱ्हाड होती. साहेबांनी कुऱ्हाडीबरोबर फोटो काढून घेतला, स्वतःचा.

पुढं झुंबर नाशिकला आला, सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभा राहिला, पण ती कुऱ्हाड काही त्याच्या बोलण्यातून गेली नाही. संजना एम.एस्सी.ला असताना तिनं ग्रंथालयातून त्या खोदकामाचा जुना इंग्रजी अहवाल हुडकून काढला. "माझं नाव कोनत्या पानावर हाय?" झुंबरनं विचारलं. तिनं पान दाखवलं. नाव नव्हतं. 'एका मजुरास सापडली', एवढंच होतं. त्या न कळणाऱ्या अक्षरांवर बोट ठेवून तो म्हणाला, "मजूर तर व्हतोच की. त्याची काय लाज नाय. पन 'एका' कशाला? झुंबर म्हनायला काय झालं व्हतं?"

तेव्हापासून ती गोष्ट संजनाची झाली. लग्नानंतरही तिनं पगारे हे आडनाव ठेवलं ते त्याचसाठी. विहारातल्या व्याख्यानात, शिक्षक दिनाला, वर्गात, मुलाखतीत, जिथं संधी मिळेल तिथं ती वडिलांची गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणायची. किती जणांना सांगितली याची यादी मात्र तिनं कधी केली नाही.

पाहुणे आले. नेमा चाळिशीची, मोकळ्या हसण्याची. हमिसी सत्तरीचा, उंच, शिडशिडीत. कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत टायरच्या चपला, टाचांना भेगा. इंग्रजी त्याला जुजबी यायचं. बोलायचा तो स्वाहिली आणि नेमा त्याचं इंग्रजी करून सांगायची. कॉलेजच्या फाटकात बांधकामाची खडी पडली होती. तिथं तो उकिडवा बसला, काळ्या दगडाचा एक तुकडा उचलून उन्हात फिरवून बघितला, परत ठेवला आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं. भिकन हसला. संजनालाही हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

दुपारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जेवण होतं. केबिनमध्ये एसी गारठवत होता म्हणून हमिसी ताट घेऊन बाहेर आला आणि व्हरांड्याच्या पायरीवर भिकनशेजारी जेवायला बसला. दोघं एकमेकांना पुरी वाढत होते. संजनानं ते खिडकीतून बघितलं आणि तिच्या मनानं यादीतल्या गुलाबापुढं बरोबरची खूण केली. आपण बरोबरच लिहिलं होतं, असं तिला वाटलं. नंतर तिला हीच खूण सगळ्यांत जास्त बोचणार होती, पण तेव्हा तिला नुसतं हायसं वाटलं.

संध्याकाळी चारला हॉल गच्च भरला. तीनशे खुर्च्या, तीनशे माणसं. विद्यार्थी, शिक्षक, सातपूरचे झुंबरचे जुने सोबती, विहारातल्या बाया. मंचावर चार खुर्च्या मांडल्या होत्या: नेमा, प्राचार्य, सचिव आणि दुभाषी म्हणून संजना. हमिसीला खुर्ची नव्हती. तो क्षणभर पायरीपाशी थांबला, मग पहिल्या रांगेत झुंबरशेजारी जाऊन बसला. दोन म्हाताऱ्यांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं. झुंबरनं "जय भीम" म्हणून हात पुढं केला. हमिसीनं तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, तळव्यावरचा घट्टा अंगठ्यानं चाचपला आणि मग स्वतःचा तळवा पुढं धरला. झुंबर खूश होऊन मागच्या रांगेला सांगायला लागला की पाव्हणे कामाचे आहेत.

सत्कार झाला. नेमाच्या खांद्यावर शाल पडली. गुलाब वाटताना पाचवी पाळी आली तसा हमिसी उठला, गुलाबाचा वास घेतला आणि फूल अगदी जपून शर्टाच्या खिशात ठेवलं. पेपरवाल्यानं तेवढ्यात प्राचार्य, संजना आणि दोन्ही पाहुण्यांना एकत्र उभं करून फोटो घेतला.

मग नेमा बोलायला उभी राहिली आणि संजना तिच्या शेजारी. नेमा इंग्रजीतून चार वाक्यं बोलायची, संजना त्यांचं मराठी करायची. आणि काय मराठी! खुद्द नेमाचं इंग्रजीही इतकं पेटलेलं नसेल. हाडं पेट्यांतून गेली, नावं पुसली गेली, ज्यांनी उन्हात चालून चालून डोळे झिजवले त्यांना कोणी विचारलं नाही, हे सांगताना संजनाचा आवाज भरून आला. तिला राहवेना. नेमा पाणी प्यायला थांबली तशी ती स्वतःहून म्हणाली, "ही गोष्ट आफ्रिकेतलीच नाही. माझे वडील समोर बसले आहेत. गोदावरीच्या दरडीत त्यांना कुऱ्हाड सापडली, आणि इतिहासानं त्यांना काय केलं? नुसतं 'मजूर' केलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं नेमालाही दोन वाक्यांत ते सांगितलं, नेमानं हमिसीला, आणि हमिसी झुंबरकडं वळून एकटाच उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. झुंबरनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

संजनाला त्या क्षणी आपण फार मोठं काही केलं असं वाटत होतं.

टाळ्या ओसरत होत्या, हमिसी उभाच होता. नेमानं त्याच्याकडं हात केला आणि इंग्रजीत म्हणाली, "आणि हे हमिसी युसूफ, आमचे फाइंडर. तो जबडा यांना सापडला. मी जे काही शिकले ते यांच्यामागून चालत शिकले."

फाइंडर. संजना अडखळली. फाइंडरला मराठीत काय म्हणतात? शोधणारा? शोधक? सापडवणारा? हॉल वाट बघत होता, टाळ्यांची ऊब अजून अंगावर होती, आणि तिच्या तोंडून सरळ, कुठंही न अडता गेलं, "आणि हे त्यांच्याकडचे मजूर. तो जबडा यांनाच सापडला." शेवटचं वाक्य तर तिनं गाळूनच टाकलं, डॉक्टर बाई पायांत टायरच्या चपला घालणाऱ्या माणसाकडून शिकल्या, हे तिला नेमाचा विनय वाटला असावा. हॉलनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. हमिसीनं छातीवर हात ठेवून मान झुकवली. त्याला वाटलं, आपली ओळख करून दिली.

शब्द तोंडात ताजा होता म्हणून घसरला, असं तिनं नंतर स्वतःला समजावून बघितलं. पण गुलाबांची यादी काही तोंडातून घसरली नव्हती. ती आदल्या दिवशी, शांत डोक्यानं, शाईच्या पेनानं लिहिली होती.

टाळ्या वाजवत नव्हता तो एकच माणूस. झुंबर तिच्याकडं बघत होता. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. बरोबर ऐकलं का आपण, असं स्वतःलाच विचारणारा चेहरा होता, आणि तोच तिला सहन होईना. तिनं नजर काढून घेतली.

पुढं हमिसी चांगला अर्धा तास बोलला. पहाटे आणि संध्याकाळी ऊन तिरपं असताना चालायचं, कारण तेव्हा लहानशा दातालाही सावली पडते. दगड की हाड हे कळेना तर जिभेला लावायचं. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. जबडा दिसला त्या दिवशी तो सकाळपासून सातव्यांदा त्याच ओढ्यातून जात होता. सहा वेळा दिसला नाही, कारण ऊन सरळ होतं. पोरं कान टवकारून ऐकत होती. संजनानं हे सगळं बिनचूक मराठीत आणलं. मधे मधे तिला वाटायचं, आता सांगावं, आता म्हणावं, 'माफ करा, मघाशी माझा शब्द चुकला.' पाच सेकंदांचं काम होतं. पण तीनशे माणसांसमोर, वडिलांची गोष्ट सांगून टाळ्या घेतल्यावर, कुठल्या तोंडानं? प्रत्येक वाक्यागणिक ते सांगणं जड होत गेलं, आणि शेवटी इतकं जड झालं की उचलेना.

प्रश्नांच्या वेळी झुंबर उठला. माइक त्याच्याकडं आला तो त्यानं नाकारला आणि नुसत्या आवाजात म्हणाला, "पाव्हण्यांचं नाव सांगायचं राह्यलं."

"हमिसी," संजना म्हणाली. "हमिसी युसूफ. बाबा, बसा." पण तोवर पेपरवाला मघाची ओळख टिपून घेऊन कधीच गेला होता, आणि हॉलमधली निम्मी माणसं चहाच्या टेबलाकडं निघाली होती.

घरी जाताना रिक्षात झुंबर रस्त्याकडं तोंड करून बसला. घरी आल्यावर त्यानं पिठलं-भाकरी खाल्ली, ताट धुऊन ठेवलं आणि टीव्ही न लावता खोलीत गेला. चिडला असता, आदळआपट केली असती, तर तिला रडता तरी आलं असतं. लेकीला टाकून बोलायचं म्हातारा टाळत होता, आणि ते टाळणं तिला बोलण्याहून लागत होतं.

सकाळी पेपर आला. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत होतं: 'आफ्रिकेतील मजुराला सापडला आदिमानवाचा जबडा'. खाली फोटो, आणि फोटोखाली: 'डावीकडून प्राचार्य, डॉ. नेमा, प्रा. संजना पगारे व मजूर.' तिच्याच तोंडचा शब्द, शाईत. संजनानं पेपर उलटा घडी करून भाज्यांच्या टोपलीखाली सारला. वडिलांनी विचारलं, "पेपर नाय आला का?" तर ती म्हणाली, "अजून नाही." सेहेचाळीस वर्षांची बाई, पोरीसारखी खोटं बोलली.

साडेनऊला पाहुणे आले. हमिसीच्या हातात हॉटेलातून मागून घेतलेला तोच पेपर होता, फोटोचं पान वर.

तो इतका आनंदला होता की चहाआधीच विषय निघाला. त्यानं पेपर टीपॉयवर पसरला, फोटोतल्या स्वतःवर बोट ठेवलं आणि स्वाहिलीत भरभर काहीतरी बोलला. नेमा हसत म्हणाली, "म्झे विचारतायत, त्यांच्याबद्दल काय लिहिलंय. हा पेपर ते घरी नेऊन भिंतीला लावणार आहेत. आणि म्झे म्हणजे आमच्याकडं नुसतं म्हातारा नव्हे हं, मानाचा शब्द आहे. वडीलधाऱ्यांच्या नावाआधी लावायचा."

टीपॉयच्या दुसऱ्या कडेला कराराची निळी फाइल होती. संजनानं एकदा फाइलकडं पाहिलं, एकदा पेपरकडं, आणि इंग्रजीत म्हणाली, "लिहिलंय की, जबडा शोधणारे तज्ज्ञ हमिसी."

हमिसीनं ऐकलं आणि समाधानानं मान डोलावली. मग त्यानं खिशातली वही काढली. शेवटच्या पानावर एकाखाली एक ओळी होत्या. नेमानं समजावलं की हा म्झेंचा छंद आहे. जिथं जातात तिथं आपल्या कामाला तिथल्या भाषेत काय म्हणतात ते विचारतात आणि तिथल्याच अक्षरांत लिहून घेतात. वर स्वाहिलीत होतं, म्ताफुताजी. खाली इंग्रजी, फ्रेंच, अरबी, अम्हारी. त्याखालची ओळ मोकळी होती.

"मराठीत कोणता शब्द?" नेमानं विचारलं. "पेपरात दाखवा, ते बघून उतरवतील."

खोट्याचं असंच असतं. एक सांगून भागत नाही. 'पेपरात तो शब्द नाही' म्हणावं तर आत्ताच सांगितलेलं उघडं पडणार. दुसरं कुठलं तरी अक्षर दाखवावं इतकंही तिला सुचलं नाही. तिचं बोट फोटोखालच्या ओळीवर फिरलं आणि शेवटच्या शब्दावर थांबलं.

हमिसीनं चष्मा लावला. वही मांडीवर घेतली आणि तो अक्षर अक्षर उतरवायला लागला. 'म'ची दांडी त्यानं हळूच खाली ओढली. 'ज'चा बाक नीट वळला नाही म्हणून खोडून पुन्हा काढला. दीर्घ उकारावर जरा घोटाळला, पेपर डोळ्यांजवळ नेऊन परत बघितला. मग 'र'. शेवटी एवढ्या बारकाईनं डोक्यावरची रेघ ओढली की पट्टीनं ओढावी, आणि वही सगळ्यांना दिसेल अशी फिरवून धरली.

*मजूर.*

दारात झुंबर उभा होता. चहाचा ट्रे त्याच्या हातात होता, आणि मराठी त्याला चांगलं वाचता येत होतं. त्यानं वही वाचली, मग टीपॉयवरचा पेपर वाचला, मग ट्रे खाली ठेवला. पाहुण्यांना कळणार नाही अशा बेतानं, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "संजे, मला ज्यानं लिहिलं त्यानं माझ्या माघारी लिहिलं गं. तू तर त्यांच्याच हातानं लिहून घेऊ ऱ्हायली."

संजनाला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. लाज तिला पूर्वीही वाटली होती. शाळेत कुणी जात विचारली की वाटायची, पण ती दुसऱ्यानं दिलेली लाज होती, आणि पुढं शिकून सवरून ती तिनं ज्याची त्याला परत केली होती. ही तिची स्वतःची होती. ही कुणाला परत करणार?

"सांग त्यांना," झुंबर म्हणाला.

ती नेमाकडं वळली आणि बोलायला लागली. इंग्रजी वाक्यं तुटत होती. हा शब्द फाइंडरचा नाही. पेपरात तज्ज्ञ असं काही लिहिलेलं नाही, मी आत्ता खोटं सांगितलं. आणि पेपरवाल्याचीही चूक नाही, काल मंचावरून मीच हा शब्द वापरला. तुम्ही त्यांच्याकडून शिकलात हे तर मी सांगितलंच नाही.

नेमाचं हसू हळूहळू गेलं. "शब्दाचा अर्थ काय?"

"रोजानं अंगमेहनत करणारा माणूस."

नेमानं पेपर स्वतःकडं ओढून फोटोखालची ओळ पाहिली. मग हमिसीकडं वळून ती स्वाहिलीत एकच शब्द बोलली, "किबारुआ."

हमिसीनं वहीकडं पाहिलं. आपणच काढलेल्या त्या अक्षरांवरून त्यानं अंगठा फिरवला, काल झुंबरच्या तळव्यावरून फिरवला होता तसा. पान फाडलं नाही, ओळ खोडलीही नाही. वही मिटून खिशात ठेवली. तो बोलला ते थांबत थांबत, आणि नेमा वाक्यावाक्याला इंग्रजी करत गेली, कसलीही भर न घालता.

"किबारुआ मी नऊ वर्षं होतो. वाईट काम नाही ते. ते दाखवायचे तिथं मी खणायचो. नऊ वर्षांत मला काही सापडलं नाही, कारण बघायला मला कोणी सांगितलं नव्हतं. नंतर मी बघायला शिकलो."

"मला माफ करा," संजना म्हणाली. "मी खरंच, मनापासून..."

हमिसीनं हात वर केला, थांब म्हणावं तसा. "काल तिथं किती माणसं होती?"

"तीनशे."

"तीनशे जणांनी हा शब्द ऐकला?"

"हो."

"मग खरं काय ते मला का सांगतेस?" नेमाचा आवाज हे इंग्रजीत आणताना जरा हलला. "मी कोण आहे हे मला माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते लोक कुठं आहेत?"

खाली गाडीनं हॉर्न दिला. हमिसीनं चहा संपवला. दिलेला चहा टाकून जायची त्याची रीत नसावी. उठला, झुंबरपुढं गेला आणि त्याचे दोन्ही हात हातांत घेऊन काल त्याच्याकडून ऐकलं होतं तसं म्हणाला, "जय भीम." संजनाला त्यानं मान लववली. पेपर टीपॉयवरच राहिला. निळी फाइल नेमानं उचलून पिशवीत घातली. "मी मेल करीन," ती म्हणाली, आणि ते खरंही असेल किंवा नुसतं दारातलं बोलणं असेल. विचारायचं धैर्य संजनाला झालं नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ती गॅलरीत उभी होती. हमिसीच्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नव्हतं, पण ते तिला माहीत होतं. ते लोक घरी गेले होते. सातपूरला, पंचवटीला, सिडकोला, आपापल्या घरी जाऊन त्यांनी बायकापोरांना सांगितलं असेल की आज फार छान व्याख्यान झालं, पगारे मॅडम काय सुंदर बोलल्या, आणि तिकडं आफ्रिकेत एका मजुराला जबडा सापडला.